दाण्याची आमटी फुटते, तेल वर आणि चोथा खाली: कुठे चुकतं, कशी सावरायची

पातेल्यात वर तेलाचे डोळे, मधे गढूळ पाणी आणि तळाशी वाळूसारखं बसलेलं कूट. पळीने ढवळली की दोन मिनिटं बरी दिसते. ताटात भगरीवर वाढली की पाणी भगरीखाली पळतं आणि चोथा वर राहतो. हे ज्यांच्या घरी कधीच झालं नाही, त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. वर्षाला २४ एकादश्या, अधिक मास आला की २६, त्यात श्रावणी सोमवार, महाशिवरात्र आणि नवरात्र धरा. माझी आमटी त्यातल्या निम्म्या वेळा फुटायची.

माहेर अकोल्याचं, सासर पुण्याचं. माहेरी भगर म्हणतात, सासरी वरीचे तांदूळ, पदार्थ एकच. लग्नानंतरच्या पहिल्या आषाढीला १४ माणसांची आमटी माझ्यावर सोपवली होती. फुटायला लागलेली दिसल्यावर मी गॅस मोठा केला, उकळली की मिळून येईल म्हणून. वरणाचं तसंच असतं ना! वीस मिनिटांनी वर बोटभर तेल होतं. सासूबाई पातेल्यात डोकावून म्हणाल्या, "अगं, ही गॅसवर नाही फुटली. मिक्सरमधूनच फुटून आलीय."

ते वाक्य कळायला मला दोन वर्षं लागली. त्यांनी मिक्सरचं भांडं उलटं करून तळाला चिकटलेला तेलकट गोळा दाखवला होता, पण मी तेव्हा पाहुण्यांच्या धास्तीत होते.

आधी एक खात्री करून घ्या: ती खरंच फुटली आहे का? वर थोडा तवंग येणं वाईट नाही. तुपाची फोडणी आहे, दाणा मुळात तेलबी आहे, तवंग यायचाच, आणि चांगल्या आमटीला तो शोभतोही. वाटीत दोन पळ्या काढा आणि मिनिटभर हात लावू नका. तवंग वर आणि खालचा रस सगळीकडे सारखाच दुधट राहिला तर आमटी ठीक आहे, उगाच छेडू नका. मधे पाणी स्वच्छ होऊन कूट तळाला बसलं, तर फुटली.

आता मिक्सरमध्ये नेमकं काय होतं ते. दाण्याच्या वजनात जवळजवळ निम्मं तेल असतं आणि सुमारे पाव भाग प्रथिनं. अख्ख्या दाण्यात हे तेल बारीक बारीक थेंबांत कोंडलेलं असतं. आपण दाणे भाजतो, कढईतून काढतो आणि घाईत गरम गरमच मिक्सरला लावतो. आधीच गरम दाणा, त्यात पात्याची उष्णता, वर कोरडं दळण. थेंब फुटून एकमेकांत मिसळतात, कूट ओलसर होतं, भांड्याच्या कडेला चिकटतं. आणखी फिरवलं तर ते लाडवासारखं वळता येतं. लाडूच करायचा असेल तर उत्तम! पण हे सुटलेलं तेल नंतर पाण्यात कितीही उकळलं तरी परत आत जात नाही. ताकातून लोणी एकदा निघालं की ते पुन्हा ताकात विरघळतं का? तसंच हे.

तेच दाणे गार करून पाण्यासकट वाटले तर उलटं घडतं. पात्याने फुटलेल्या तेलाच्या थेंबाभोवती दाण्यातली प्रथिनं लगेच गुंडाळली जातात आणि थेंब पाण्यात तरंगत राहतात. दुधात स्निग्धांश असूनही तूप वर तरंगत नाही, ते याच कारणाने. म्हणून दाणे पाण्याबरोबर वाटायचे, आणि गंधासारखे वाटायचे. साबुदाण्याच्या खिचडीसाठी ठेवलेलं जाडसर कूट डब्यातून काढून पाण्यात टाकलं की आमटी बसणारच. खिचडीला जाडसर कूट हवं असतं, आमटीला गंध. दोन्हीला एकच डबा वापरणं ही माझी पहिली चूक होती आणि मला वाटतं निम्म्या घरांची तीच असते.

दुसरं कारण पातेल्यातलं. तूरडाळीत पिष्ट भरपूर असतं, ते शिजून फुगतं आणि वरण मिळून येतं. म्हणून वरणाला उकळी जितकी द्याल तितकं बरं. दाण्यात पिष्ट अगदी थोडं. फार वेळ खळखळ उकळलं की थेंबांभोवतीची प्रथिनं आकसून गोळा होतात आणि तेल मोकळं होतं. म्हणजे वरणासाठी हाताला लागलेली सवय इथे आडवी येते. मी गॅस मोठा केला तेव्हा नेमकं हेच केलं होतं.

तिसरं कारण आंबट. आमसूल, चिंच, लिंबू, ताक, काहीही असो, आंबट पडलं की दाण्याची प्रथिनं दुधासारखीच नासतात. दूध नासतं तेव्हा डोळ्यांना लगेच दिसतं, आमटीत ते कूट बसल्यासारखं दिसतं, म्हणून आपण आंबटावर संशय घेत नाही. पुष्कळ जणी आमसुलं पाण्यात घालून त्या पाण्याला उकळी आणतात आणि मग त्यात कूट टाकतात. त्यापेक्षा आमसुलं वाटीभर कोमट पाण्यात वेगळी भिजवा, गॅस बंद करायच्या दोन मिनिटं आधी ते पाणी ओता, आमसुलंही सोडा. चव तीच येते. मला तर जास्त बरी लागते, कारण आमसूल उकळून उकळून तुरट होत नाही.

आता मी करते तशी आमटी, चौघांपुरती. एक वाटी दाणे जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर १० ते १२ मिनिटं भाजायचे. आच मोठी केली की साल काळी पडते आणि आत दाणा कच्चा राहतो. त्याचा तो कच्चट, शेंगेसारखा वास मग आमटीत कितीही जिरं घाला, जात नाही. दाणा फोडून बघा, आतून फिकट बदामी रंग यायला हवा, तांबूस नको. ताटात पसरून पूर्ण गार करायचे. साधारण अर्धा तास लागतो आणि ही पायरी टाळता येत नाही. हाताने चोळून सालं पाखडून टाका. थोडी राहिली तर बिघडत नाही, सगळी ठेवली तर आमटी कडवट आणि मळकट होते.

पाखडताना आणखी एक काम करायचं: दाणे नजरेखालून घालायचे. सुरकुतलेला, काळपट, बुरशीचा डाग असलेला दाणा दिसला तर फेकायचा. पाच-सहा दाणे चावून बघायचे. एक खवट दाणा वाटीभर आमटी घालवतो, आणि बुरशीचं विष भाजल्याने पूर्ण जात नाही. इथे कंजूषपणा नको.

मिक्सरच्या भांड्यात दाणे, ३ हिरव्या मिरच्या, अर्धा चमचा जिरं आणि पाऊण वाटी साधं पाणी. आधी थांबत थांबत फिरवा, मग सलग दोन मिनिटं. बोटांत घेऊन चोळलं तर रवाळ लागता कामा नये. लागलं तर दोन चमचे पाणी घालून परत. हे वाटण पातळ दह्यासारखं दिसतं, पांढरट आणि तकतकीत. असं दिसलं की ७५ टक्के काम झालं.

आणि हो, मिळून येण्याचा विमा: वाटताना त्यातच एक मोठा चमचा शिजलेली भगर घालायची. भगर आपण नाहीतरी शिजवणारच असतो, तिच्यातलं पिष्ट डाळीचं काम करतं आणि चवीत फरक पडत नाही. ही युक्ती मला सासूबाईंनी दिली नाही, एकदा भगरीचा खरवड वाया जाऊ नये म्हणून मिक्सरला लावला आणि सापडली. भगर चालत नसेल त्या घरात अर्धा उकडलेला बटाटा. शिंगाड्याचं किंवा राजगिऱ्याचं पीठही चालतं, एक सपाट चमचा, पण ते गार पाण्यात कालवून घालायचं आणि पाच मिनिटं शिजू द्यायचं, नाहीतर पिठूळ लागतं. शिंगाड्याने आमटी जरा चिकट होते, मला ती आवडत नाही. राजगिऱ्याला स्वतःचा वास आहे, काहींना खटकतो.

पातेल्यात दोन चमचे तूप, जिरं तडतडलं की हवी तर एखादी मिरची उभी चिरून, एक लवंग. गॅस बारीक करूनच वाटण ओता, तूप कडकडीत असताना ओतलं तर कडेचं वाटण जागच्या जागी आकसतं. मिनिटभर हलवा, मग सव्वातीन वाट्या पाणी थोडं थोडं करून. हे पाणी कढत हवं. गार पाण्याने आमटी उशिरा तापते आणि तोवर कूट तळाशी बसून लागतं. मीठ किंवा सैंधव, सुपारीएवढा गूळ. एक उकळी येईपर्यंत ढवळत राहायचं. ती आली की आच अगदी मंद, कडेला बुडबुडे येतील इतपत, सात-आठ मिनिटं. झाकण पूर्ण लावू नका, ती दुधासारखी उतू जाते आणि शेगडी पुसण्यात उपवासाची शांती संपते. शेवटी आमसुलाचं पाणी, दोन मिनिटं, बंद.

पातेल्यात ती तुम्हाला हवी त्याहून थोडी पातळ दिसली पाहिजे. दाण्याची आमटी बसल्या बसल्या आळते. पंगत अर्ध्या तासाने बसणार असेल तर पळीभर पाणी जास्तच ठेवा. "घट्ट झाली" म्हणून वाढताना वरून गार पाणी ओतणं हा पुन्हा फुटण्याचा राजमार्ग आहे. कढत पाणी घाला, ढवळा, एकदा गरम करा.

फुटलेली आमटी समोर आहे आणि पाहुणे पाटावर बसलेत? गॅस बंद करा. वरचं तेल पळीने वाटीत काढून ठेवा. तळातला चोथा दोन-तीन पळ्या उपसून ताटलीत पसरवा म्हणजे लवकर निवेल. कढत मिश्रण मिक्सरला लावून झाकण उडालेलं मी स्वतः पाहिलंय, छतापर्यंत. निवल्यावर त्यात छोटा उकडलेला बटाटा किंवा चमचाभर शिजलेली भगर आणि पातेल्यातलंच थोडं पाणी घालून दोन मिनिटं गंध वाटा. ते परत पातेल्यात, मंद आच, ढवळत पाच मिनिटं. वरून काढलेलं तेल चवीपुरतं परत घाला, सगळं घालायची गरज नाही. हातातला ब्लेंडर असेल तर बटाटा पातेल्यातच टाकून फिरवा, आमसुलं मात्र आधी बाहेर काढा. अगदी मूळच्यासारखी होत नाही, पण भगरीवर थांबते. आंबटाने नासलेली असेल तर थोडी रवाळ राहणारच, ते गृहीत धरा.

मोठ्या प्रमाणात केली की जास्त फुटते, अशी तक्रार माझ्या बहिणीची आहे आणि ती खरी आहे. एक किलो दाण्यांची, म्हणजे २५ ते ३० जणांची आमटी मोठ्या पातेल्यात उकळी यायलाच अर्धा तास घेते. तोवर तळ लागतो, वर तेल येतं. तिने शेवटी असं केलं: वाटण फोडणीत घालून फक्त तिप्पट घट्ट रस तयार करायचा आणि शेजारच्या शेगडीवर पाणी उकळत ठेवायचं, वाढायच्या आधी दोन्ही एकत्र करून एक चटका द्यायचा. मिक्सरच्या भांड्यात एका वेळी वाटीभरच दाणे घ्यायचे. चार वाट्या कोंबल्या की खालचं लोण्यासारखं होतं आणि वरचं अख्खंच राहतं.

काही घरांत दाणे न भाजता रात्रभर भिजवून, उकडून वाटतात. त्या आमटीचा रंग पांढरा येतो आणि ती क्वचितच फुटते, कारण दाण्यात पाणी आधीच असतं. चवीला मात्र भाजलेल्याची खमंग सर नाही. पित्ताचा त्रास असणाऱ्यांना मी हीच सुचवते, त्यातही दाणे एक तृतीयांश कमी करून तेवढं ओलं खोबरं. दिवसभर पोटात काही नाही आणि एकदम तळलेली पापडी, खिचडी, दाण्याची आमटी. एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणतात ते उगाच नाही.

ताक घालून करणाऱ्यांसाठी दोन ओळी. ताक घरच्या तापमानाला आणा, त्यात चमचाभर शिंगाडा पीठ घुसळा, वाटणात ओता आणि उकळी फुटेपर्यंत हात थांबवू नका. मीठ शेवटी. फ्रिजमधलं आंबट ताक थेट पातेल्यात ओतून फुटलं तर दोष दाण्यांना देऊ नका.

"उपवासाला हे चालतं का" हा प्रश्न दरवेळी येतो, म्हणून माझ्या घरापुरतं सांगते. हळद, मोहरी नाही. हिंग नाही, कारण बाजारच्या बांधानी हिंगात बहुतेक वेळा मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, डबीमागचं वाचून बघा. कोथिंबीर माहेरी चालायची, सासरी चालत नाही. लाल तिखट घरी कांडलेलं असेल तरच. चिंचेऐवजी आमसूल. तुमच्याकडे याच्या उलट असेल तर तुमच्या घरच्या म्हाताऱ्या माणसांचं ऐका, माझं नको. बाकी बटाटा, मिरची, शेंगदाणा आणि साबुदाण्याचा कंद, हे चारही अमेरिका खंडातून समुद्रमार्गे आपल्याकडे आले आणि उपवासाच्या ताटात मानाने बसले, तेव्हा शास्त्रार्थ फार ताणू नये असं माझं मत आहे.

भगरीबद्दल मात्र मी कडक आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यात एकादशीच्या भगर-आमटीच्या प्रसादातून विषबाधा झाली आणि लोकांना रस्त्यावरच सलाइन लावायची वेळ आली, ते तुम्हालाही आठवत असेल. भगरीला ओल लागली की बुरशी पटकन धरते. सुटी, मळकट, कुबट वासाची भगर घेऊ नका, पाकिटावरची तारीख बघा, शिजवण्यापूर्वी निवडून तीन पाण्यांनी धुवा. आमटी दाट करायला भगरीचं पीठ हवं असेल तर विकतचं जुनं पीठ नको, धुऊन वाळवलेली भगर त्याच दिवशी मिक्सरला लावा. आणि शिजलेली भगर-आमटी सकाळपासून रात्रीपर्यंत ओट्यावर ठेवू नका, विशेषतः चैत्र-वैशाखात.

कधी कधी आमटी चांगली असते आणि दोष भगरीचा असतो. भगर कोरडी फडफडीत झाली की ती आमटीतलं पाणी शोषते आणि ताटात नुसता चोथा दिसतो. एक वाटी भगर तुपावर परता, तीन वाट्या कढत पाणी घाला, झाकण ठेवून मंद आचेवर. मऊ हवी, गोळा नको. तशी भगर पाण्यामागे धावत नाही.

उरलेली आमटी फ्रिजमध्ये दगडासारखी होते. द्वादशीला सकाळी पारण्याच्या स्वयंपाकात मी ती पाणी न घालता तशीच थालीपिठाच्या भाजणीत कालवते. वेगळं तिखट-मीठ लागत नाही, आणि आदल्या दिवशी ती फुटली होती की मिळून आली होती हे कोणाला कळतही नाही.